शेवटच्या ओळीतलं नाव

"अरे सहदेवा, तुझा बाबा आज लागत नाय रं," आईचा फोन आला तेव्हा सहदेव पाष्टे पवईतल्या एका काचेच्या इमारतीत, एसीच्या यंत्रांच्या खोलीत, पंख्याच्या घरघरीला कान लावून उभा होता. पंखा कुठंतरी खरखरत होता आणि नेमकं कुठं ते सापडत नव्हतं. आईचं बोलणं त्याला आधी त्या घरघरीतलंच काहीतरी वाटलं. "काय लागत नाय?" तो ओरडला. "बाबा तुझा. टीव्हीवर. राखाडी राखाडी येतं नि कायतरी लिवलंय. मी जेवून बसलेय कवाची." बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि दुपारचं जेवण झालं की आई त्यांना लावून बसायची. भांडुपच्या घरात याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. औषधाची गोळी घ्यावी तसा बाबांचा एक व्हिडिओ, रोज तोच, मग डोळा लागला तर झोप. "नेट गेलं असेल गं, थोड्या वेळानं लाव," म्हणून त्यानं फोन ठेवला, आणि ठेवता ठेवता सकाळचा तो मेल परत दिसला, जो त्यानं कसली तरी जाहिरात समजून बाजूला सारला होता. आता उघडला. मराठीतच होता, पण ही मराठी कुणाच्या घरात बोलत असतील असं काही वाटेना. 'प्रिय निर्मात्या, आम्हाला हे सामायिक करताना खेद वाटतो की तुमची सामग्री एका हक्कधारकाने स्वतःची म्हणून ओळखली आहे.' सामग्री म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर सत्यनारायणाच्या पूजेची पिशवी आली. मग खाली व्हिडिओचं नाव वाचलं. चिमणीचं गाणं. शाहीर बारकू पाष्टे. पंखा अजून खरखरतच होता, आणि हाताखालचा माणूस "साहेब, बंद करू का?" असं दुसऱ्यांदा विचारत होता.

आता चिमणीचं गाणं म्हणजे काय हे त्या मेल लिहिणाऱ्याला कुठून ठाऊक असणार! मेल लिहिणारा कुणी होता तरी का, हाच प्रश्न. बाबा जाखडीचे शाहीर. मुंबईत त्याला बाल्या नाच म्हणतात. पायांत चाळ बांधून पोरं गोल फिरतात, मधे शाहीर नि मृदंगवाला, आणि समोरासमोर दोन पार्ट्या रात्ररात्र सवाल-जवाब करतात. एक शक्तीवाली, एक तुरेवाली. बाबा तुरेवाले. परळच्या गिरणीत साच्यावर होते तेव्हाही, गिरणी गेली नि भांडुपात एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले तेव्हाही. शाहिरी काही सुटली नाही. गणपतीच्या दिवसांत त्यांच्या बाऱ्या, म्हणजे हे रात्रभराचे सामने, ऐकायला नालासोपाऱ्याहून, दिव्याहून माणसं यायची. लहानपणी सहदेवला त्याची लाज वाटायची, हे खरंच आहे. शाळेत कुणी विचारलं तर तो 'बाबा गिरणीत आहेत' एवढंच सांगायचा. लाज गेली ती कधी गेली हे त्याला कळलंही नाही. ते करोनाचं वर्ष सरलं, बाऱ्या बंदच होत्या, बाबा खिडकीत बसून नुसते गुडघ्यावर ताल धरायचे, तेव्हा त्यानंच त्यांना सोसायटीच्या हॉलमध्ये नेऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. पलीकडे दादू. दादू म्हणजे बाबांच्या पाठी आयुष्यभर झील धरणारा, मागून ओळ उचलणारा, त्यांच्याच वाडीतला. त्याच्या हातात झांज. समोर स्टीलच्या डब्याला टेकवलेला फोन. असं करत करत त्यानं नेटवर चॅनल काढून बाबांची सगळी गाणी वर चढवली. एक चढवलं की फोनमधलं पुसून टाकायचं, फोन भरायचा ना! वर आहे की, कुठं जातंय, असं तेव्हा तो अगदी छाती ठोकून म्हणायचा. दुबईहून, कतारहून लोक लिहायचे, 'शाहीर, काळजाला हात घातलात.' बाबांना ते वाचून दाखवलं की ते म्हणायचे, "गुरूची किरपा." दुसरं काही म्हणायचेच नाहीत. गाण्यातसुद्धा.

आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं. घरी येऊन त्यानं कपडेही न बदलता पुढचं वाचलं. सिद्धेश भुवड, म्हणजे बाबांच्या गुरूंचा नातू, यानं एका कंपनीला गाण्यांचे हक्क दिले होते. त्या कंपनीनं जुन्या कॅसेट यंत्राला ऐकवल्या होत्या, आणि यंत्रानं शोधून काढलं होतं की बारकू पाष्टे जे गातायत ते गुरू रामजी भुवड यांचं गाणं आहे. कॅसेटवर नाव रामजी भुवड आणि पार्टी असंच होतं. गायले होते बाबाच. म्हणजे यंत्रानं बाबांच्या म्हाताऱ्या आवाजातलं गाणं बाबांच्याच तरण्या आवाजाशी ताडून बघितलं आणि चोर पकडला. सहदेवला हसू आलं. हसता हसताच तो बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिला. वर पुन्हा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात बाबांनीच म्हटलेलं होतं, 'गुरू रामजी बोले चिमणे, ऐक माझी वाणी.' आता बोला! रीतच ती होती. शिष्यानं रचलं तरी शेवटच्या ओळीत नाव गुरूचं. छाप गुरूची. गुरूनं एक दिवस भर बारीत उठून, डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, आजपासून तुझी छाप तू घाल. मगच शाहीर स्वतःचं नाव घेणार. रामजीबुवा ते म्हणायच्या आधीच गेले. गावी भात लावताना बांधावर बसले ते उठलेच नाहीत. तेराव्याला सगळे बाबांना म्हणाले होते, बारकू, आता घाल तुझं नाव, तुझ्याएवढा कोण आहे? बाबा म्हणाले, "हां म्हणणारा गेला, आता कुणाला विचारू?" झालं. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं बाबा रचत राहिले, आणि एकेका गाण्याच्या शेवटी एका मेलेल्या माणसाला कर्ता करत राहिले. सहदेवला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटायचं. घरी आलेल्या पाहुण्यांना तो मुद्दाम सांगायचा ते. आता बाथरूमच्या आरशात बघताना त्याला बाबांचा राग आला. असा राग त्यांच्या हयातीत कधी आला नव्हता. अहो, एखाद्या तरी गाण्यात घालायचं होतं नाव!

"बाबांचं गाणं आहे असं सरळ लिहून टाका ना," वनमाला म्हणाली. त्याची बायको तोंडाची फटकळ, पण चूक सहसा बोलत नाही. "गुरू काय येणारेत बघायला?" आई आत पडली होती म्हणून ती हळू बोलत होती, तरी तिचं हळू म्हणजे शेजारी ऐकू जाईल असं. त्यानं तिला खालचं दाखवलं. तीन रस्ते दिलेले होते. पहिला, दावा करणाऱ्याला सांगून दावा मागे घ्यायला लावा. दुसरा, आक्षेप नोंदवा. तो फेटाळला गेला तर चॅनल कायमचं बंद होऊ शकतं. तिसरा रस्ता सगळ्यांत मोठ्या निळ्या अक्षरांत होता, व्हिडिओतून गाणं काढून टाका आणि व्हिडिओ लगेच परत मिळवा. आठवड्याभरात काहीच केलं नाही तर बाकीच्या व्हिडिओंतही 'जुळणारी सामग्री' आहे, तीही काढली जाईल. उतरवून घ्यायची सोय बंद. वादात असलेली सामग्री निर्मात्याला मिळत नाही. "म्हणजे आपल्या बाबांना आपल्यालाच बघू देत नाहीत? झकास!" वनमाला म्हणाली, आणि मग एकदम गप्प झाली, कारण आई दारात येऊन उभी होती. "लागला काय रं?" आईनं विचारलं. तो म्हणाला, "उद्या लागेल." दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, आणि त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

रुचिरा त्यांच्याच इमारतीत नवव्या मजल्यावर राहायची, मुलुंडच्या कोर्टात वकिली करायची. लहानपणी बाबांच्या बारीत पुढं बसून ती टाळ्या वाजवायची, त्यामुळे तिला काय नि कसं हे समजावत बसावं लागलं नाही. खाली पार्किंगमध्ये, तिच्या स्कूटरला टेकूनच तिनं सगळं वाचलं. वाचताना तिचे ओठ हलत होते. सहदेव त्या ओठांकडे बघत उभा होता, डॉक्टरनं रिपोर्ट वाचताना पेशंट बघतो तसा. "काका, कायदा तुमच्या बाजूनं आहे," ती म्हणाली, आणि त्याला इतकं हलकं वाटलं की तो मटकन शेजारच्या कठड्यावर बसला. "ज्यानं रचलं त्याचं गाणं. कॅसेट कुणीही काढू दे. फक्त कृतीवर ज्याचं नाव तोच कर्ता असं कायदा आधी धरून चालतो. उलटं असेल तर ते आपण सिद्ध करायचं. ते करता येईल. आज्जी आहेत, दादूकाका आहेत. छापेची रीत काय असते ते कोर्टाला सांगू, न्यायाधीश विचारतील, आपण उत्तर देऊ." "मग करूया ना," तो म्हणाला. रुचिरानं त्याच्याकडे बघितलं. "कोर्टात, काका. तिथं तारखाच किती पडतील देव जाणे. आणि हे?" तिनं फोन पुढं धरला. "यांच्याकडे साक्षीदार बोलवायची जागाच नाही. एवढा एक चौकोन आहे, त्यात बसेल तेवढं लिहायचं, आणि खाली खूण करायची. वाचा काय लिहिलंय." त्यानं वाचलं. 'मी जबाबदारीपूर्वक घोषित करतो की दावा करणाऱ्या पक्षाचा किंवा त्यांच्या पूर्वजांचा या सामग्रीशी कोणताही संबंध नाही.' खोटं निघालं तर कारवाई. "दुसरा शब्द नाही घालता येत?" त्यानं विचारलं. "संबंध आहे, पण तसा नाही, असं काही?" "खूण आहे काका. करायची किंवा नाही करायची." तिनं फोन त्याला परत दिला. मग म्हणाली, "कायदा देशाचा असला तरी दुकान त्यांचं आहे ना. आपण फिर्याद करू शकतो, पण तोवर दुकान बंद." तिचा स्वर अगदी प्रेमाचा होता, आणि त्याला वाटलं, हिनं थोडं ओरडून बोललं असतं तर बरं झालं असतं. लिफ्टमध्ये शिरल्यावर आपण कुठल्या मजल्यावर राहतो हेच त्याला क्षणभर आठवेना. तो बटणांकडे नुसता बघत राहिला, दार बंद झालं, लिफ्ट जागची हलली नाही.

रविवारी तो मोटरसायकल काढून बोरीवलीला गेला. रस्ताभर तो मनात बोलणं जुळवत होता. सिद्धेशला त्यानं लहान असताना बघितलेला, नाकाला शेंबूड, आजोबांच्या मृदंगावर चढून बसलेला. 'अरे सिद्धेश, गाणं बाबांचं आहे, तुलाही ठाऊक आहे.' नाही. 'सिद्धेश, रागवू नकोस, पण एक गोष्ट सांगायची होती.' पवईच्या तलावापाशी हे वाक्य बरं वाटलं, गोरेगावच्या पुलावर आलं तोवर त्यात काही जीव उरला नाही. सिद्धेश आता तिशी ओलांडलेला, कुठल्याशा विमा कंपनीत, घरात नवा सोफा, आणि सोफ्याशेजारच्या भिंतीवर रामजीबुवांचा फोटो, ताजा हार घातलेला. आत शिरल्या शिरल्या सहदेव त्या फोटोपाशी गेला, चपला काढलेल्याच होत्या, हात आपोआप वर गेले, आणि त्यानं वाकून फोटोच्या खालच्या चौकटीला कपाळ टेकवलं. टेकवल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं. बाबा असंच करायचे. कुठल्याही घरात बुवांचा फोटो दिसला की आधी तिकडं. पाणीसुद्धा नंतर. शरीरानं परस्पर उरकून टाकलं होतं, त्याला विचारलंच नव्हतं. मागून सिद्धेश म्हणाला, "काका, तुमच्या घरानं जेवढं आजोबांचं केलं तेवढं आम्ही नाही केलं." आता याच्यावर काय बोलणार, कपाळ! सरबत आलं. सहदेवनं ग्लास हातात धरून ठेवला, पिणं काही झालं नाही.

सिद्धेशला सगळं ऐकून खरंच वाईट वाटलं. तो वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं. "काका, मी तुमच्या बाबांवर कशाला दावा करेन? मी फक्त सही केली हो. ते म्हणाले आजोबांच्या छापेची सगळी गाणी द्या, जगभर जातील. मी दिली. आता त्यांचं यंत्रच करतं सगळं, मला मेलसुद्धा येत नाही." त्यानं तिथल्या तिथं कंपनीला लिहिलं, बारकू पाष्टे आमच्या घरचे, दावा मागे घ्या. हे त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पाठवलं. लगेच उत्तर आलं. दोघंही फोनवर वाकले. 'तुमचा संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. प्रतिसादासाठी आठ ते दहा आठवडे लागू शकतात.' सिद्धेशनं कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो माणूस नोकरी सोडून गेला होता. दुसरा नंबर लावला, तिथं संगीत वाजत राहिलं. "वाट लागली," सिद्धेश हळूच म्हणाला, मग ओशाळून म्हणाला, "सॉरी काका." सहदेवच्या मनात एकदम बळ आलं. आता बोलायचंच. तो म्हणाला, "सिद्धेश, तुझ्याकडून मला एवढं लिहून दे की चिमणीचं गाणं..." आणि थांबला. सिद्धेश त्याच्याकडे अगदी निर्मळ डोळ्यांनी बघत होता. "आजोबांचं सगळ्यांत गाजलेलं," तो म्हणाला. "आई मला झोपवताना म्हणायची. भिंत परक्याची होती... काय शब्द ना काका? आजोबा शाळेत नव्हते गेले हे खरं वाटत नाही." सहदेवच्या कानात बाबांचा आवाज आला, आठवणीतला, आणि आठवणीतला म्हणून थोडा फुटका.

घरटं केलं चिमणीनं गं, भिंत परक्याची होती,
पिलू विचारी माय माजे, आपली कंची माती?

हे बाबांनी रचलं तेव्हा तो सात-आठ वर्षांचा असेल. गिरणीला कुलूप लागलं होतं. खोलीच्या मालकानं खोली सोडायला सांगितली होती. बाबा मोरीत अंगावर पाणी घेत होते आणि मधेच थांबले. तांब्या तसाच हवेत. मग त्यांनी आईला हाक मारली, "गो, माजे म्हणू की माझे म्हणू?" आई भाकरी थापत होती, ती म्हणाली, "माजे. पिलू गावचंच ना ते." सहदेवनं हे डोळ्यांनी बघितलं होतं. रामजीबुवा तेव्हा गावी होते, त्यांनी हे गाणं ऐकलं ते पुढच्या शिमग्याला. हे सगळं त्याच्या जिभेच्या टोकाशी होतं. समोर फोटो होता, हार होता, झोपवताना गाणं म्हणणारी एक आई होती, ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तो म्हणाला, "हो. फार मोठं गाणं." आणि सरबत एका घोटात पिऊन टाकलं. खाली येऊन त्यानं मोटरसायकलला चावी लावली. स्वतःची एवढी चीड त्याला बऱ्याच वर्षांत आली नव्हती. जिवंत सिद्धेशपुढं बोलता आलं नाही, आणि त्या चौकोनात खूण करायला निघालाय मोठा!

आईपुढं मात्र त्यानं सगळं मांडलं. ती खिडकीशी लसूण सोलत बसली होती. त्यानं तिला वाचून दाखवलं, सोप्या भाषेत करून, मग जसंच्या तसं. ती सोलत राहिली. "म्हंजे तू लिवणार की रामजीबुवांचा नि ह्यांच्या गाण्याचा कायच संबंध नाय." "तसं लिहावं लागतं आई. तसंच आहे तिथं." "खोटं हाय ते." "गाणं बाबांचं आहे हे खोटं आहे?" तो चिडला. "तूच सांगितलंस ना तेव्हा, माजे म्हण म्हणून? मी होतो तिथं! उद्या कोर्टात नेलं तर सांगशील का नाही?" आईनं सुरी खाली ठेवली. तिच्या बोटांना लसणाची साल चिकटली होती, ती झटकत म्हणाली, "गाणं त्यांनी केलं. केलं की. मी कुठं नाय म्हणते? पण त्यांना सूर कुणी दिला? मिलमधून काढला तवा गावी नेऊन दोन महिनं कुणी ठेवून घेतला? रातीला उठून रडायचे ते, तुला काय ठावं. बुवा बाजूला बसून र्‍हायचे. संबंध नाय म्हणं!" तिचा आवाज चढला तसा तिला खोकला आला. "ह्यांनी जल्मभर ज्याचं नाव घेतलं, ते ह्यांच्या माघारी मी पुसू? वर जाऊन काय तोंड दाखवू?" सहदेवला म्हणावंसं वाटलं, आई, तू नाही पुसलंस तर तुझा नवरा पुसला जाईल. तो म्हणाला, "मग गाणं जाईल." "गाणं कसं जाईल?" तिनं आश्चर्यानं विचारलं. "सगळ्यांना पाठ हाय." आणि मग, लसूण गोळा करता करता, अगदी सहज म्हणाली, "तेवढा तो बाबा लाव रं तुझा. चार दिवस झाले, बघितला नाय. करमत नाय मला." तिच्या डोक्यात हे दोन्ही एकमेकांना कुठं लागतच नव्हतं. वनमालानं स्वयंपाकघरातून त्याच्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली.

नंतरचे दिवस तो कामावर जात होता, येत होता. जेवताना आई काही विचारायची नाही, नुसती टीव्हीकडे बघायची. एकदा त्यानं सगळा आक्षेप लिहून काढला. छापेची रीत, गुरू, मोरी, तांब्या, सगळं. चौकोनात निम्मंच मावलं. कापत कापत गेला तेव्हा उरलं एवढंच, गाणं माझ्या वडिलांचं आहे. आणि खाली ती खूण करायची जागा. त्यानं बोट नेलं. कोणताही संबंध नाही. बोट काचेवर टेकलं असतं तर खूण झाली असती. फार नाही, एक केसाएवढं अंतर. बाबा गेले तेव्हा शेवटी त्यांच्या तोंडात पाणी घालताना त्यांनी काय म्हटलं होतं? सहदेवचं नाव घेतलं होतं असं तो सगळ्यांना सांगायचा. पण ते 'रामजी'च होतं हे त्याला आत कुठंतरी पक्कं ठाऊक होतं. बोट मागं आलं. आणि काहीच केलं नाही तर? तर बाकीची गाणीही गेली, हॉल गेला, दादू गेला, प्लॅस्टिकच्या खुर्चीतले बाबा गेले, आईची दुपार गेली. म्हणजे शेवटी खेळ ठरलेलाच होता. त्याला खेळायला बसवलं होतं एवढंच. मोठ्या निळ्या अक्षरांवर त्यानं बोट ठेवलं. 'गाणं काढत आहोत. यास थोडा वेळ लागू शकतो.' एक गोल फिरत राहिला. 'धन्यवाद! तुमची समस्या सुटली आहे.' आपण धाय मोकलून रडू असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही, तो उठून कुकरच्या शिट्या मोजायला गेला.

"लागला गो, बाबा लागला!" दुपारी त्यानंच आईला हाक मारली. खोटा उत्साह कुठून आणला कोण जाणे. आई पदराला हात पुसत आली, खुर्ची ओढून अगदी टीव्हीच्या पुढ्यात बसली. हॉल दिसला. दादूनं झांज सावरली. बाबांनी टोपी नीट केली आणि खोकले. तो खोकला अगदी खणखणीत आला, कारण खोकला कुणाच्या कॅसेटमध्ये नव्हता. सहदेवला क्षणभर वाटलं, यंत्र चुकलं की काय? मग बाबा सरळ त्याच्याकडे, फोनकडे, बघून म्हणाले, "आवाज येतो काय रं?" आणि फोनच्या मागून त्याचाच आवाज आला, हसरा, घाईतला, "येतोय बाबा, येतोय, म्हणा तुम्ही." बाबांनी डोळे मिटले. कानाला हात नेला. तोंड उघडलं. दादूची झांज आपटली, परत आपटली, बाबांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, मान हलली, आणि घरात फक्त फ्रिजची घुरघुर होती. आई पुढं झुकली. मग आणखी झुकली.

"वाढव रं जरा," ती म्हणाली.

त्यानं रिमोट घेतला आणि आवाज वाढवला.

"आणखी."

त्यानं आणखी वाढवला.